पोर्शे ९४४ टर्बो: वापरानंतरचा अनुभव, चालवण्याचा कमी, सांभाळण्याचा जास्त

चालवायला गाडी कशी आहे यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून ते आधी उरकतो. अडीच लिटरचं चार सिलिंडर इंजिन, २२० हॉर्सपॉवर, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, त्यामुळे पुढचं-मागचं वजन जवळपास निम्मंनिम्म. तीन हजार आरपीएमपर्यंत गाडी अगदी शहाण्यासारखी वागते. साडेतीनच्या आसपास टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, जागा होतो आणि सीटची पाठ आपल्याला पुढे रेटायला लागते. रस्ता कसा आहे ते स्टिअरिंगमधून हाताला कळतं. झालं.

आता मुद्दा. काही महिने वापरून आणि त्याहून जास्त वेळ बॉनेटखाली डोकं घालून माझं मत असं झालंय, की १९८५ ते १९९१ या काळातली ही गाडी घेताना ‘किती चाललीय’ हा प्रश्न दुय्यम आहे. कमी चाललेली, झाकून ठेवलेली गाडी दिसली की लोक हरखतात. पण हिच्यात जे काही दगा देतं ते बहुतेक रबर, प्लास्टिक नाहीतर सोल्डर असतं, आणि ते गाडी उभी असली तरी म्हातारं होतच राहतं. शिवाय मीटरवर फार विसंबू नये. ९४४ च्या ओडोमीटरमधलं प्लास्टिकचं दातेरी चाक तुटणं ही जुनी ओळखीची गोष्ट आहे. स्पीडचा काटा नीट चालतो, किलोमीटरचा आकडा मात्र जिथल्या तिथे थांबलेला. तेव्हा आधी बिलांची फाइल मागावी, त्यात बेल्टची तारीख शोधावी.

बेल्टवर जरा सविस्तर लिहितो. हिचा टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा पट्टा, चालत्या इंजिनात तुटला तर पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. म्हणून जाणकार तो तीन-चार वर्षांपलीकडे जाऊ देत नाहीत, मग गाडी चालो न चालो. वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो. पंपाचं बेअरिंग जाम झालं की बेल्ट गेलाच म्हणून समजा, त्यामुळे पंप, रोलर आणि पुढची सगळी सील एकदमच बदलायची. नवा बेल्ट थोडा ताणतो. तीनेक हजार किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासावा लागतो. हे तपासणं वगळलेल्या गाड्या खूप दिसतात, कारण बिल देऊन गाडी घरी आली की पुन्हा त्याच कामासाठी गॅरेजला जाणं जिवावर येतं.

दुसरा बेल्ट बॅलन्स शाफ्टचा. मोठ्या चार सिलिंडर इंजिनाची थरथर मारायला यात दोन शाफ्ट इंजिनाच्या दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. बेल्टला दोन्ही बाजूंनी दाते असतात ते त्यासाठीच. माझ्या गाडीत साडेतीन हजाराच्या पुढे एक बारीक गुणगुण यायची, आरसा थरथरायचा, गिअरचा दांडा हाताला झिणझिण्या आणायचा. संशय आधी इंजिन ज्यांच्यावर टेकलेलं असतं त्या माउंटवर गेला. तो खोटा नव्हता. हिची माउंट आत तेल भरलेली असतात, उष्णतेने आणि वयाने ती बसतात, आणि माझी चांगलीच बसलेली होती. ती बदलल्यावर उभ्या गाडीतली थरथर गेली, वरच्या आरपीएमची गुणगुण काही जाईना. शेवटी पुढची कव्हरं काढली. खालच्या शाफ्टच्या पुलीवरची खूण मागच्या कव्हरवरच्या खाचेसमोर नव्हती, एक दाता पुढे होती. आधीच्या कुठल्यातरी गॅरेजमध्ये बेल्ट चढवताना हे झालं असणार. दोन्ही खुणा जुळवल्या, बेल्ट पुन्हा चढवला, आणि आरसा स्थिर झाला.

तिथेच आणखी एक गंमत कळली. वरच्या शाफ्टजवळचा रोलर बेल्टला टेकलेला नसतो. मध्ये साधारण अर्ध्या मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवायची असते. नवखा मेकॅनिक ‘हा फिरतच नाही’ म्हणून तो घट्ट सरकवतो आणि मग बेल्ट रडायला लागतो. फीलर गेज लावून फट मोजणारा माणूस दिसला, तर त्याला सोडू नका.

बूस्टची, म्हणजे टर्बो देतो त्या हवेच्या दाबाची, कथा वेगळी. टॅकोमीटरच्या पोटात बूस्टचा छोटा काटा आहे आणि तो बाहेरच्या हवेसकट एकूण दाब (बारमध्ये) दाखवतो, म्हणजे इंजिन बंद असताना काटा १ वर. पूर्ण जोरात तो पावणेदोनच्या आसपास जायला हवा. माझा दीडच्या वर चढायचा नाही. टर्बोच गेला असं सांगणारे भेटले. टर्बो ठणठणीत होता. इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डखाली बारीक व्हॅक्यूम होजचं (रबरी नळ्यांचं) जाळं आहे, त्यातली एक बोट लावताच वाळक्या काडीसारखी मोडली. सगळ्या बदलल्या, काटा जागेवर आला. फक्त त्या होजपर्यंत हात पोचायला मॅनिफोल्ड काढावं लागतं, आणि ‘खोललंच आहे तर’ हे वाक्य इथे सुरू होतं. खोललंच आहे तर नॉक सेन्सर, खोललंच आहे तर टर्बोच्या तेलाच्या-पाण्याच्या लायनी. एरवी मी या वाक्यापासून लांब राहतो, पण इथे ते ऐकावं. टर्बोही त्याच बाजूला खाली दडलेला आहे, आणि तेवढ्यासाठी पुन्हा सगळं उतरवणं परवडत नाही.

यादीत या सगळ्याच्याही आधी एक गोष्ट घाला: इंधनाच्या होज. फ्युएल रेलजवळच्या जुन्या होज चिरतात, पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकतं आणि गाडी पेटते. इंजिनखोलीत पेट्रोलचा नुसता वास आला तरी सेल मारू नका.

गरम झालेली गाडी थांबवली आणि पुन्हा चालूच होईना, असं झालं तर घाबरून टो करायच्या आधी डीएमई रिले बघा. इंजिनच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला करंट देणारी ही डबी. आतल्या सोल्डरला केसाएवढ्या भेगा पडतात आणि गरमीत कनेक्शन सुटतं. सेल मारताना आरपीएमचा काटा थोडाही हलला नाही तर संशय या रिलेवर किंवा फ्लायव्हीलजवळच्या सेन्सरवर घ्यायचा. डॅशच्या कप्प्यात एक जादा रिले ठेवणं ही ९४४ वाल्यांची जुनी सवय आहे. मीही ठेवला, एकदा उपयोगीही पडला.

ऑइल कूलरची सील संपली तर तेल कूलंटमध्ये जातं, टाकीत मळकट साय दिसते. लगेच हेड गॅस्केटला दोष देऊन हेड उतरवू नका, आधी ही सील बदलून बघा. कूलंट भरताना नाक उंच करून वरच्या स्क्रूमधून हवा काढायची, नाहीतर तापमानाचा काटा उगाच घाबरवतो. ब्रेक उत्तम, फक्त कॅलिपरमधल्या स्टीलच्या पट्ट्यांखाली अॅल्युमिनियम फुगतं आणि पॅड अडकतात. पट्ट्या काढून, खालचं घासून पुन्हा बसवल्या की काम भागतं.

राहिला क्लच. तो बदलायचा म्हणजे एक्झॉस्ट उतरवा, मागचा गिअरबॉक्स सोडा, इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी टॉर्क ट्यूब मागे सरकवा, मग बेलहाउसिंग, आणि तेव्हा कुठे क्लच दिसतो. मूळ प्लेटच्या मध्यभागी रबर आहे, त्याचे वयाने तुकडे पडतात. म्हणजे पुन्हा तोच हिशेब. माझा क्लच अजून धरतोय, पण टॉर्क ट्यूबच्या बेअरिंगची घरघर ऐकू यायला लागली आहे. दोन्ही कामं एकाच वेळी काढायची असं मेकॅनिकशी ठरलंय, तोवर बूस्ट वाढवणाऱ्या चिपचा विषय बंद. डॅशबोर्डवरची भेग मात्र तशीच राहणार, तिच्यामुळे गाडी रस्त्यात उभी राहत नाही.