बुलेट, २+१ की क्रेझीहाउस? रोजच्या अर्ध्या तासाचा हिशेब

जेवण झाल्यावर अर्धा तास मिळतो आणि झटपट बुद्धिबळात हात सुधारायचा आहे, असं धरून चालू. तेवढ्या वेळात १+० चे (पहिला आकडा प्रत्येकाला मिळणारी मिनिटं, दुसरा दर चालीनंतर मिळणारे वाढीव सेकंद) पंधरा डाव सहज होतात, २+१ चे सहा-सात, ३+२ चे जेमतेम चार. डाव जास्त म्हणजे सराव जास्त, असं वाटतं खरं. मीही बरेच दिवस त्याच समजुतीत होतो.

१+० मध्ये, म्हणजे बुलेट या सर्वांत झटपट प्रकारात, साठ चालींचा डाव झाला तर चालीला एक सेकंद येतो. एवढ्यात विचार होत नाही, सवय तेवढी चालते. शिवाय कोणत्या साइटवर खेळता यावरही बरंच ठरतं. लिचेसवर प्रीमूव्हला (समोरच्याची चाल होण्याआधीच लावून ठेवलेल्या आपल्या चालीला) वेळच लागत नाही, पण एका वेळी एकच लावता येतो. चेस डॉट कॉमवर प्रीमूव्हची रांग लावता येते, मात्र प्रत्येकाचा ०.१ सेकंद कापला जातो. राजा-वजीर विरुद्ध एकटा राजा आणि घड्याळात तीन सेकंद अशी वेळ आली की हा फरक कळतो. एका ठिकाणी समोरच्याची प्रत्येक चाल होण्याची वाट पाहायची, दुसरीकडे तो राजा कुठेही पळाला तरी चालेल अशा पाच-सहा चाली आधीच रचून ठेवायच्या. वेळ संपली तर समोर एकटा राजा असल्यामुळे डाव बरोबरीत सुटतो, आणि वजिराने वरचढ असूनही अर्ध्या गुणावर समाधान मानावं लागतं. मोबाइलवर तर बोटाचीच भीती: माझा वजीर एकदा ठरल्यापेक्षा एक घर अलीकडे, थेट प्याद्याच्या तोंडी उतरला. त्या डावातून बुद्धिबळाचं काय शिकलो? काहीच नाही.

म्हणून माझं मत २+१ ला. यातली गंमत अशी की लिचेसच्या हिशेबात हेही बुलेटच. सुरुवातीचे सेकंद अधिक इन्क्रिमेंटची (दर चालीच्या वाढीव सेकंदांची) चाळीसपट, म्हणजे १२० + ४० = १६०; बुलेटच्या पुढचा, जरा संथ प्रकार म्हणजे ब्लिट्झ, तो १८० पासून सुरू होतो. रेटिंग बुलेटचंच वाढतं, पण डावाचा शेवट खेळावा लागतो. एक प्यादं वर असलेला हत्तींचा अंत्यडाव १+० मध्ये ज्याचा माऊस चपळ त्याचा. २+१ मध्ये तुमचा राजा वेळेवर पुढे येतो की नाही यावर तो ठरतो. वाढीव सेकंद दिसायला क्षुल्लक, पण नुसतं घड्याळ पाडण्यासाठी निरर्थक शह देत बसणाऱ्याचा धंदा त्याने बराचसा बसतो.

डावागणिक एखादं मोहरं फुकट जात असेल तर मात्र दोन्ही सोडा आणि ३+२ घ्या. स्पर्धेत पटावर खेळणाऱ्यांनाही हेच सोयीचं, कारण जागतिक ब्लिट्झ स्पर्धेची वेळ हीच असते.

आता नियम बदललेल्या प्रकारांकडे. क्रेझीहाउसमध्ये मारलेलं मोहरं आपल्या हातात येतं आणि चालीऐवजी रिकाम्या घरावर टाकता येतं. फक्त प्यादं पहिल्या आणि आठव्या ओळीत टाकता येत नाही. लांबून दिलेला शह समोरचा मध्ये काहीतरी टाकून अडवतो. घोड्याचा शह मात्र अडवता येत नाही, त्यामुळे हातातला घोडा सोन्यासारखा. राजाभोवतीची भोकं दिसायला लागणं ही याची खरी कमाई, आणि ती साध्या बुलेटमध्येही उपयोगी पडते. तोटा उघड आहे: मोहरी पटावरून कायमची जातच नाहीत, म्हणून अंत्यडाव जवळपास येतच नाही.

ॲटॉमिक मला आवडतं, पण सरावासाठी सुचवणार नाही. तिथे मारणारं आणि मरणारं दोन्ही फुटतात, भोवतालच्या आठ घरांतली प्यादी सोडून सगळी मोहरीही जातात. पांढऱ्याचा घोडा एफ३, मग जी५, आणि काळा गाफील असेल तर तिसऱ्या चालीला एफ७ वरचं प्यादं मारतो. शेजारच्या ई८ वरचा राजा उडतो, डाव खलास. राजाला स्वतः कोणतंही मोहरं मारायची परवानगी नसल्यामुळे दोन राजे एकमेकांना खेटूनही उभे राहू शकतात. महिनाभर हेच खेळून साध्या डावाकडे परत या, हात चुकीच्या घराकडे जातो.

चेस९६० चा मामला वेगळा. बॉबी फिशरने १९९६ मध्ये ब्यूनोस आयर्सला जाहीर केलेल्या या प्रकारात मागच्या ओळीच्या ९६० मांडण्यांपैकी एक येते, त्यामुळे पाठ केलेली सुरुवात कामाला येत नाही. ज्याचे बुलेटमधले पहिले दहा सेकंद त्याच त्या ओपनिंगवर निभावतात, त्याला याची गरज सर्वांत जास्त. पण एका मिनिटात नको. उंट कुठल्या कर्णावर उघडेल हे बघण्यातच वेळ जातो, आणि किल्लेकोट करायला राजा स्वतःच्याच हत्तीवर नेऊन ठेवायचा असतो, हे अंगवळणी पडेपर्यंत दोन-चार डाव हरणार. ३+२ ला लावा, आठवड्यातून एखादा दिवस.