कंटेनरच्या केबिनवरचा एअर डिफ्लेक्टर: सहा-सात महिन्यांनंतरचा अनुभव

परवा जालन्याच्या पुढे डिफ्लेक्टरचा (केबिनच्या टपावरचं, वारा वर वळवणारं फायबरचं तावदान) डावा ब्रॅकेट, म्हणजे त्याला धरणारा लोखंडी आधार, तडकला. बसवून देणारा म्हणतो वॉरंटी फक्त फायबरला आहे, लोखंडाला नाही. ब्रॅकेटशिवाय त्या फायबरचा उपयोग शून्य, त्यामुळे हे मला अजिबात पटलेलं नाही.

सुरुवातीला गाडी भिवंडी-नाशिक-पुणे अशीच फिरायची. घाट, ट्रॅफिक, स्पीड कसाबसा 40. एव्हरेजमध्ये काडीचा फरक नाही, तेव्हा मी भेटेल त्याला सांगायचो की पैसे घालवू नका. मग समृद्धीवरून नागपूरचं रेग्युलर भाडं लागलं आणि मत बदललं. भिवंडीजवळचं आमणे ते नागपूर 701 किलोमीटर, ड्रायव्हरदादा 70-75 ला गाडी धरून ठेवतात, आणि वाऱ्याचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 40 ची 80 केली की चौपट, त्यामुळे घाटात जे नुसतं ओझं होतं तेच इथे डिझेल वाचवायला लागलं. टाकी फुल टू फुल मोजलं, भरलेल्या गाडीला लिटरला 4 मिळायचे ते 4.15 वर गेले. एका बाजूच्या खेपेला सहा लिटर वाचतात, छोट्या मालकाला ते थोडे नाहीत.

पण खरी गोष्ट अँगलची आहे आणि ती कोणी सांगत नाही!! कंटेनरच्या पुढच्या पत्र्यावर किडे कुठे चिकटलेत ते बघा. माझ्या गाडीला वरची वीतभर पट्टी किड्यांनी काळी झालेली, म्हणजे वारा डिफ्लेक्टरवरून उडून कंटेनरच्या टपावरून जायच्या ऐवजी थेट पत्र्यावर आदळत होता. फिटरने सगळ्या गाड्यांना एकच अँगल वेल्डिंग करून टाकलेला. प्रत्येक कंटेनरची उंची वेगळी, केबिनपासूनचा गॅप वेगळा, मग एक अँगल सगळ्यांना कसा चालेल? जास्त उभा केला तरी नुकसानच, विनाकारण मोठं तोंड वाऱ्यासमोर येतं. सिन्नरच्या वेल्डरकडून ब्रॅकेटला लांब स्लॉट पाडून घेतले, थोडा थोडा उचलत गेलो, पट्टी स्वच्छ राहायला लागली. वरचं 4.15 हे त्यानंतरचं आहे, अँगल बदलायच्या आधी डिफ्लेक्टर असूनही जेमतेम 4.05 होतं. ब्रॅकेटला नायलॉक नटच (आत नायलॉनची रिंग असलेले) लावा, साधे ढिले होतात.

फ्लॅटबेड किंवा बुटक्या बॉडीवाल्यांनी हे घेऊच नका, मागे उंच काही नसेल तर उलट डिझेल जास्त जातं.

वैजापूरकडच्या माळावर आडवा वारा केबिनमागच्या गॅपमध्ये घुसतो, त्याला डिफ्लेक्टर काही करू शकत नाही. त्यासाठी साइड फ्लॅप (केबिनच्या मागच्या कडांना लावायच्या उभ्या पट्ट्या) बसवणार आहे, पण ब्रॅकेटचे पैसे परत मिळेपर्यंत त्या दुकानातून नाही.