शेख, वाळवंट आणि हिरॉइनचा पासपोर्ट : १८० रुपयांच्या गठ्ठ्याचा रिव्ह्यू

जुलैत रत्नागिरीच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या एका टपरीवर इंग्रजी रोमान्सचा गठ्ठा मिळाला, नऊ पुस्तकं १८० रुपयात, मिल्स अँड बून टाईप, सगळ्या कव्हरांवर वाळू, तंबू आणि शर्टाची बटणं लावायचा कंटाळा असलेला एक बाप्या. आठ दिवस पाऊस हटला नाही, लाईट येऊन जाऊन, मग काय, सगळी वाचून काढली.

स्टोरी एकच. नकाशात कुठेच नसलेला एक देश, त्याचा शेख, शिक्षण इंग्लंडात, स्वतःचं विमान, बाप नुकताच गेलेला नायतर जायच्या बेतात, आणि गादीला वारस पाहिजे म्हणून घाई. हिरॉइन नर्स, सेक्रेटरी नायतर उत्खननवाली. तिसाव्या पानापर्यंत ती राजवाड्यात आणि तिचा पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये. "तू कुठेही जाणार नाहीस" असं तो म्हणतो आणि आपण विरघळायचं असतं.

आता गंमत अशी की आमच्याकडे घरटी एक माणूस तरी आखातात. माझा दीर मस्कतला एसीचं काम करायचा, कंपनीने पासपोर्ट ठेवून घेतलेला, सासरे गेले तेव्हा तो आला ते चार महिन्यांनी, वर्षश्राद्धाला तरी थांबता येईल का ह्याचीच काळजी. आमच्या घरात ह्याला अडकणं म्हणतात, प्रेम नाही म्हणत.

शेजारच्या भाभींचा नवरा वीस वर्षं कुवेतला. एक दुपारी त्या ओट्यावर बांगडे साफ करत होत्या आणि मी त्यांना एक चॅप्टर मराठीत सांगत होते, तो तिला घोड्यावर घालून नेतो तोच. भाभींची सुरी थांबली. म्हणाल्या, "वहिनी, हिचा पासपोर्ट कोणाकडे आहे ते आधी बघा. हा हिरो नाय, हा कफील आहे." आणि परत डोकी उडवायला लागल्या. कफील म्हणजे आखातात ज्याच्या नावावर आपल्या माणसाचा व्हिसा असतो तो मालक.

तेव्हापासून मी पेन्सिल घेऊनच बसले, पासपोर्ट कुठल्या पानावर परत मिळतो ते लिहायचं. नऊपैकी पाच पुस्तकांत शेवटच्या चॅप्टरला, तो डोळ्यात पाणी आणून "तू मोकळी आहेस" म्हणतो आणि ही जात नाही. पण तोवर हिच्या पोटात बाळ, नोकरी गेलेली, लंडनची खोली सोडलेली, मग दार उघडलं काय आणि नाही उघडलं काय, जाणार कुठे? तीन पुस्तकांत पासपोर्टचा विषयच लेखिका विसरून गेलीय.

हे सगळं जुनंच आहे म्हणा. ई. एम. हल ह्या इंग्रज बाईने १९१९ साली 'द शेक' लिहिली, त्यात तर उचलून नेणं आणि सरळ जबरदस्तीच आहे, १९२१ला हॉलिवूडचा हिरो व्हॅलेंटिनो ह्याचा त्यावरचा सिनेमा आला तेव्हा ती बरीच सौम्य केली. आणि शेवटी शेख निघतो इंग्रज बापाचा आणि स्पॅनिश आईचा! म्हणजे शेख पाहिजे पण शेख नको. माझ्या गठ्ठ्यातही चौघांची आई युरोपातलीच निघाली.

बरं, मी काय सोवळी नाही. असला तोऱ्यातला माणूस शेवटी गुडघ्यावर येतो ते वाचायला मजा येते, दोनशे पानं त्याच्यासाठीच काढतो आपण. रागीट पण मनाने चांगला, हा आपल्या सिरियलीतला माल तरी वेगळा कुठे आहे, फक्त उंटाच्या जागी बुलेट.

नववं पुस्तक मात्र खरंच चांगलं. ह्यातली बाई समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर इंजिनियर, पासपोर्ट तिच्याच पर्समध्ये. मधेच भांडण होतं, ती एअरपोर्टला जाते, मला वाटलं आता हा विमान अडवणार, नाही अडवत. विमान सुटतं. तीन आठवड्यांनी ती स्वतःच्या पैशाने तिकीट काढून परत येते, तेही आधी प्लांट बघायला. तो ऑफिसबाहेर तिची वाट बघत बसलेला, शिपायाने दिलेला चहा गार झालेला. एवढा एक सीन पूर्ण १८० रुपयांचा.

वाचताना सारखी आठवली ती आमच्या थिबा राजाची थोरली मुलगी, इंग्रजांनी ब्रह्मदेशातून आणून रत्नागिरीत ठेवलेला तो राजा. ती राजकन्या, आणि तिचं प्रेम बसलं गोपाळ सावंतवर, राजवाड्यावरचा दरवान, त्यात घरी बायको असलेला. राजा वारल्यावर १९१९ला कुटुंब ब्रह्मदेशाला परत गेलं, तीही गेली, आणि गोपाळपासून झालेल्या लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली. गरिबीत राहिली, १९४७ला इथेच वारली. सुखाचा शेवट नाही हा, पण परत आली ती स्वतःहून. तिच्यावर असल्या कव्हरचं पुस्तक कोण काढणार?

गठ्ठ्याला पाचपैकी दोन स्टार, नवव्याला एकट्याला साडेचार. ते भाभींनी नेलं, त्यांची लेक वाचून दाखवतेय. बाकी आठ टपरीवर परत दिली, त्याने ६० रुपये हातावर टेकवले आणि म्हणाला, "ताई, वाळवंटवाली अजून आलीत, ठेवू का बाजूला?"

ठेव म्हटलं.