आधी फोटो उतरवा, मग कुलूप लावा: फ्लिकरच्या ‘इन मेमोरियम’ खात्याचा परखड आढावा

हौशी छायाचित्रकारांच्या ग्रुपमधलं कुणी गेलं की दोन-चार दिवस श्रद्धांजलीचे संदेश येतात, त्यांचे गाजलेले फोटो पुन्हा फिरतात. सहा-आठ महिन्यांनी त्यांचं बँकेचं कार्ड बंद होतं, वार्षिक वर्गणी भरली जात नाही आणि खरा प्रश्न तेव्हा सुरू होतो. फोटो ठेवायच्या आणि दाखवायच्या फ्लिकर या संकेतस्थळाने 2019 मध्ये आणलेली ‘इन मेमोरियम’ (स्मरणार्थ) सोय नेमकी या टप्प्यासाठी आहे. काम चोख करते, पण अर्धंच.

पार्श्वभूमी थोडक्यात. 2018 मध्ये स्मगमग या फोटो-साठवणुकीच्या कंपनीने फ्लिकर विकत घेतलं आणि त्यानंतर फुकट खात्यावर 1000 फोटोंची मर्यादा आली. प्रो, म्हणजे वर्गणीच्या, खात्याचे पैसे थांबले की खातं आपोआप फुकटच्या रांगेत जातं. मर्यादेवरचे फोटो काढायची वेळ आली तर सर्वात आधी चढवलेले फोटो आधी काढायचे, असा क्रम तेव्हा जाहीर झाला होता. म्हणजे पंधरा वर्षं नेमाने फोटो टाकणाऱ्या माणसाची सुरुवातीची धडपडच आधी पुसली जाणार. फोटो गेला की त्याच्याखालच्या टिप्पण्याही जातात आणि ग्रुपच्या पूलमधूनही (सभासदांच्या फोटोंच्या सामायिक संग्रहातूनही) तो नाहीसा होतो, कारण पूलमध्ये फोटोची प्रत नसते, नुसता दुवा असतो.

‘इन मेमोरियम’ झालेल्या खात्याला हा धोका नाही. वर्गणी संपली तरी सगळे सार्वजनिक फोटो जागच्या जागी राहतात, नावापाशी ‘इन मेमोरियम’ असं दिसतं आणि लॉगिन कायमचं बंद होतं. जाहिरातबाजी नाही, फुलं-मेणबत्त्यांची सजावट नाही. फोटोंचं पान फोटोंचंच राहतं, हे आम्हाला सगळ्यात आवडलं.

गोची त्या लॉगिनच्या कुलपात आहे. कुलूप लागल्यावर घरच्यांकडे पासवर्ड असला तरी उपयोग नाही. ‘खाजगी’ किंवा ‘फक्त कुटुंबासाठी’ ठेवलेले फोटो आतच राहतात. मूळ आकार इतरांना उतरवता येणार नाही अशी सेटिंग असेल, तर तीही आता बदलणार कोण? स्मृतिग्रंथ छापायचा झाला की हे फार जाणवतं. 1024 पिक्सेल रुंदीचा फोटो 300 पीपीआयला (दर इंचाला 300 पिक्सेल) जेमतेम 8.7 सेंटिमीटर छापता येतो, 2048 पिक्सेलचा सव्वासतरा. ए-4 आकाराचं पान भरायला 3508 बाय 2480 पिक्सेल लागतात. पडद्यावर सुरेख दिसणारा पक्ष्याचा फोटो पानभर ताणला की पिसाऱ्याच्या कडा लोण्यासारख्या वितळतात.

म्हणून ‘इन मेमोरियम’च्या अर्जाची घाई नको. घरच्यांना पासवर्ड ठाऊक असेल, तर त्यांनीच खात्याच्या सेटिंगमधून संपूर्ण डेटा मागवावा. फोटोंच्या झिप वेगळ्या येतात, शीर्षकं, वर्णनं, टॅग यांच्या जेसन फाईली (माहिती साठवणाऱ्या साध्या मजकुराच्या फाईली) वेगळ्या. नुसते फोटो ठेवून जेसन ‘कचरा’ म्हणून उडवणं ही नेहमीची चूक. पक्ष्याचं नाव, ठिकाण, कोणत्या लेन्सने किती वेळ वाट पाहून टिपला, हे सगळं त्या वर्णनातच असतं. फोटोच्या फाईलनावात असलेला लांबलचक आकडाच जेसनच्या नावातही असतो, त्यावरून जोड्या लागतात आणि एक्झिफटूल या फोटोतली माहिती बदलणाऱ्या प्रोग्रामने तो मजकूर फोटोत भरता येतो. सगळ्या झिप उघडून फोटोंची संख्या खात्यावरच्या आकड्याशी जुळवा, दोन वेगळ्या डिस्कवर प्रती ठेवा आणि मगच ‘इन मेमोरियम’साठी अर्ज करा.

फोटोंचे हक्क आता वारसांचे, हेही ध्यानात असू द्या. दिवंगतांनी क्रिएटिव्ह कॉमन्स या, इतरांना अटींवर वापराची मोकळीक देणाऱ्या, परवान्याखाली दिलेले फोटो त्या अटींवर वापरता येतात. बाकीचे पुस्तकात किंवा प्रदर्शनात घ्यायचे तर घरच्यांची लेखी संमती हवी. ग्रुपमध्ये कितीही जिव्हाळा असला तरी.

पासवर्ड कुणालाच माहीत नसेल तर फ्लिकरवर फक्त सार्वजनिक भाग वाचतो. अशा वेळी फोन आणि ईमेलच्या खात्यांकडे वळावं लागतं, आणि तिथली तयारी माणूस हयात असतानाच झालेली असावी लागते. गूगलचा ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ 2013 पासून आहे. 3, 6, 12 किंवा 18 महिने खातं निपचित राहिलं की नेमलेल्या दहापर्यंत व्यक्तींना डेटा मिळू शकतो. आमच्या मते छायाचित्रकाराला 6 महिने बरे. 18 महिन्यांत स्मृतिप्रदर्शन होऊनही जातं. काहीच नेमलं नसेल तर दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसू शकतं, आणि सहलीच्या सामायिक अल्बममधले त्यांचे फोटोही, इतरांनी स्वतःकडे जतन केले नसतील तर, त्याबरोबर जातात. तिथूनही जेसन वेगळ्याच मिळतात. लांब फाईलनावं मधेच तोडलेली असतात, त्यामुळे जोड्या जुळवताना फ्लिकरपेक्षा जास्त डोकेदुखी.

ॲपलची ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ सोय, म्हणजे आपल्या पश्चात खातं उघडू शकणारी व्यक्ती आधीच नेमणं, आयफोनच्या आयओएस 15.2 पासून, म्हणजे डिसेंबर 2021 पासून आहे. प्रवेशाची किल्ली आणि मृत्यूचा दाखला, दोन्ही लागतात. किल्ली क्यूआर कोडच्या रूपात मिळते, ती छापून घरच्या कागदपत्रांत ठेवलेली बरी. मंजुरीनंतर तीन वर्षांची मुदत असते, मग खातं कायमचं पुसलं जातं. किचेन, म्हणजे ॲपलने साठवलेले पासवर्ड, मात्र यातून मिळत नाही. म्हणजे ॲपलचं ऑनलाइन साठवणुकीचं खातं, आयक्लाउड, उघडलं तरी फ्लिकर उघडेलच असं नाही.

तिन्हींत छायाचित्रकारांच्या समूहासाठी सर्वात उपयोगी फ्लिकरच, कारण माणसाचं काम लोकांसमोर राहतं. घरच्यांसाठी मात्र गूगल किंवा ॲपल, कारण मूळ फाईली तिथून हाती येतात.

ग्रुपतर्फे दिवंगतांच्या निवडक फोटोंची फ्लिकरवर गॅलरी करणार असाल, तर ती एखाद्या उत्साही सभासदाच्या खात्यावर करू नका. त्याचं खातं बंद झालं की गॅलरीही गेली. ग्रुपच्या नावाने वेगळं खातं काढा, पासवर्ड दोघा-तिघांकडे द्या, आणि गॅलरीत फोटो घेण्याआधी तो सार्वजनिक आहे ना आणि मालकाने गॅलरीला परवानगी बंद ठेवलेली नाही ना, एवढं बघून घ्या.