घरी फायबर घ्यावं की ५जीचा डबा?

जाहिरातीत फायबरवाले आणि ५जीचा डबा (टॉवरचा सिग्नल पकडून घरात वायफाय देणारा) विकणारे, दोघंही १०० एमबीपीएस लिहितात, मग माणूस स्वस्त काय ते बघतो. (१०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, हे कुणी सांगत नाही.) खरा फरक शेवटच्या टप्प्यात, टॉवर किंवा बिल्डिंगपासून तुमच्या खोलीपर्यंत. त्यापुढे डेटाची साधारण दीड हजार बाइटची पॅकेट्स एका राउटरकडून दुसऱ्याकडे जातात आणि परदेशी जायचं असेल तर समुद्राखालच्या केबलमधून. त्यातल्या काही केबल आपल्या वर्सोव्यालाच किनाऱ्याला लागतात. हा रस्ता दोघांनाही सारखाच.

फायबरमध्ये एका काचेच्या तारेतला प्रकाश स्प्लिटरने वाटून बहुधा ३२ किंवा ६४ घरांना दिला जातो. जीपॉन (असं फायबर वाटून देण्याची एक पद्धत) असेल तर सगळ्यांत मिळून खाली यायला सुमारे अडीच गिगाबिट आणि वर जायला सव्वा गिगाबिट. वर पाठवताना प्रत्येक घराला आपापली वेळ ठरवून दिलेली असते, त्यामुळे टक्कर होत नाही आणि पिंग (डेटा जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) फारसा हलत नाही. जपायची ती तार. कपाटामागे करकचून दुमडली की प्रकाश बाहेर गळतो, डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लुकलुकतो आणि तुम्ही उगाच राउटर बंद-चालू करत बसता.

५जीमध्ये एका टॉवरच्या लहरी घरचे डबे आणि रस्त्यावरचे मोबाइल मिळून वापरतात. आपल्याकडच्या ३.३ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात जाणं-येणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतं आणि जास्त वेळ डाउनलोडला दिलेला असतो. म्हणून सिनेमा झकास दिसतो, पण ऑफिसच्या कॉलमध्ये संध्याकाळी तुमचाच आवाज तुटतो. समोर नवा टॉवर उभा राहिला (मोबाइलचा नव्हे, बिल्डरचा) तर सिग्नलही पडतो.

मग ५जी घ्यायचं कुणी? अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांनी, रिडेव्हलपमेंटमुळे ट्रान्झिटला गेलेल्यांनी, किंवा ज्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी डक्टला हातच लावू देत नाही त्यांनी. बाकी सगळ्यांनी फायबर घ्यावं, महिन्याला शंभर-दोनशे जास्त गेले तरी.

गेम खेळणाऱ्या पोरांसाठी एक हिशोब. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सिंगापूर मुंबईपासून सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन येऊन निदान ४० मिलिसेकंद लागणारच. ते कुठल्याही प्लॅनने कमी होत नाहीत. सर्व्हर मुंबईतला निवडा.

कनेक्शन घेण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: ‘पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा फक्त आपल्या कनेक्शनचा पत्ता) मिळेल का?’ ५जीवर बहुधा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून थेट घरच्या कॅमेऱ्याला जोडायचं म्हटलं तर अडतं. छोट्या केबलवाल्यांकडेही हीच गत असते, पण ते थोडे पैसे घेऊन वेगळा आयपी देतात.