घरच्या सर्व्हरसाठी एलएसआय ९२०७-८आय: दोन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

पुण्यातल्या आमच्या घरी सहा डिस्कांचा एक लहान सर्व्हर आहे. कुटुंबाचे वीस वर्षांचे फोटो, वडिलांनी कॅसेटवर उतरवून ठेवलेली आणि आता संगणकावर घेतलेली कीर्तने, घराची कागदपत्रे आणि दोन कार्यालयीन संगणकांच्या रोजच्या प्रती, असे सगळे त्यावर साठवलेले आहे. मदरबोर्डवर साटाचे, म्हणजे घरगुती डिस्का जोडण्याचे, चारच पोर्ट असल्यामुळे उरलेल्या डिस्कांसाठी वेगळे कंट्रोलर कार्ड घेणे भाग होते. गेली दोन वर्षे हे काम एलएसआयचे ९२०७-८आय हे कार्ड करत आहे. त्याविषयी, आणि ते निवडताना नाकारलेल्या पर्यायांविषयी, येथे सविस्तर लिहीत आहे.

हे माझे पहिले कार्ड नव्हे. त्याआधी मी स्वतःची मेमरी आणि बॅटरी असलेले एक हार्डवेअर रेड कार्ड, म्हणजे अनेक डिस्कांचा एक संच स्वतःच बनवणारे कार्ड, वापरत होतो. महागडे कार्ड म्हणजे अधिक सुरक्षित कार्ड, अशी तेव्हा माझी समजूत होती. एके दिवशी ते कार्ड बंद पडले. डिस्का चारही उत्तम स्थितीत होत्या. परंतु त्यांवरील मांडणी त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने लिहिलेली असल्यामुळे दुसऱ्या मदरबोर्डला जोडल्यावर त्या कोऱ्या असल्यासारख्या दिसू लागल्या. तेच कार्ड जुन्या बाजारात शोधून मिळवेपर्यंत तीन आठवडे गेले आणि त्या काळात घरातल्या कोणालाही एकही फोटो उघडता आला नाही. घरच्या सर्व्हरमधल्या कंट्रोलरने डिस्क आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्या मध्ये स्वतःचे डोके चालवू नये, हे माझे मत त्या तीन आठवड्यांत पक्के झाले.

झेडएफएससारखी फाइलप्रणाली वापरणाऱ्यांसाठी तर हे फारच महत्त्वाचे आहे. ती प्रत्येक ब्लॉकची पडताळणी-संख्या स्वतः ठेवते, एखाद्या डिस्कने चुकीचा मजकूर परत दिला तर तो ओळखते आणि दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करते. त्यासाठी तिला प्रत्येक डिस्क थेट, तिच्या अनुक्रमांकासह आणि स्मार्ट माहितीसह (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद) दिसावी लागते. पुष्कळ लोक रेड कार्डावर प्रत्येक डिस्कचा एकेकटा रेड-० संच बनवून काम भागवतात. तसे केले तर बऱ्याच कार्डांवर अनुक्रमांक आणि स्मार्ट माहिती कार्डाच्या आड जाते आणि डिस्क आजारी पडत असल्याची पहिली खूण आपल्याला दिसतच नाही. म्हणून साधे होस्ट बस अडॅप्टर, म्हणजेच आयटी मोडमधले कार्ड, घ्यावे. आयटी म्हणजे इनिशिएटर-टार्गेट. या फर्मवेअरमध्ये, म्हणजे कार्डाच्या आतल्या प्रणालीत, रेडचा भाग नसतो आणि डिस्क जशी आहे तशी पुढे दिली जाते.

या जातीची कार्डे शोधू लागल्यावर नावांचा गोंधळ होतो. एलएसआय ही कंपनी २०१४ मध्ये अवागोने घेतली आणि २०१६ मध्ये अवागोने ब्रॉडकॉम विकत घेऊन तेच नाव धारण केले; त्यामुळे एकाच घराण्यातल्या कार्डांवर तिन्ही नावे आढळतात. शिवाय त्याच चिपची कार्डे आयबीएम, डेल आणि एचपी यांच्या नावांनीही निघाली. म्हणून नाव बाजूला ठेवून चिप पाहावी. चिपच्या नावातले सॅस म्हणजे सर्व्हरच्या डिस्का जोडण्याची पद्धत. सॅस २००८ ही चिप ९२११-८आय, आयबीएम एम१०१५ आणि डेल एच३१० यांवर आहे. सॅस २३०८ ही ९२०७-८आय आणि एचपी एच२२० यांवर. तर सॅस ३००८ ही ९३००-८आयवर. सर्वांत जुनी सॅस १०६८ई ही चिप कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण ती दोन टेराबाइटच्या पुढची डिस्क पूर्ण ओळखत नाही.

माझा निर्णय स्लॉटने ठरवला. बहुतेक घरगुती मदरबोर्डांवर दुसरा लांब स्लॉट दिसायला सोळा लेनचा (लेन म्हणजे माहिती वाहणारी मार्गिका) असला तरी आतून चारच लेनचा असतो, आणि माझ्याकडेही तोच मोकळा होता. आठ लेनचे कार्ड त्यात चालते, मात्र चार लेनच्या वेगाने. सॅस २००८ ही पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे या स्लॉटांच्या पद्धतीच्या, दुसऱ्या पिढीची आहे. तिला चार लेनवर सेकंदाला दोन गिगाबाइट मिळतात आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच. फिरत्या तबकड्यांची आजची डिस्क बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण अडीचशे मेगाबाइट देते, म्हणजे आठ डिस्का एकदम वाचल्या की दोन गिगाबाइट होतात आणि कार्ड नेमके तिथे अडते. एरवी ते जाणवणार नाही, कारण एक गिगाबिटचे नेटवर्क सेकंदाला जेमतेम ११८ मेगाबाइट पुढे नेते. परंतु महिन्याची पडताळणी किंवा नव्या डिस्कवर संच पुन्हा उभा करणे या वेळी सगळ्या डिस्का एकदम वाचल्या जातात. सॅस २३०८ तिसऱ्या पिढीची असल्यामुळे त्याच चार लेनवर तिला जवळजवळ चार गिगाबाइट मिळतात. हा एवढा फरक मला पुरेसा वाटला. ९३००-८आय अधिक नवे आहे आणि त्याचा सॅस वेग बारा गिगाबिटचा आहे. पण साटा डिस्क सहा गिगाबिटच्या पुढे जात नाही, त्यामुळे तो वेग माझ्या घरी वाया गेला असता. शिवाय त्याच्या ८६४३ जोडणीच्या केबली मला महाग पडत होत्या, तर ९२०७-८आयच्या ८०८७ जोडणीच्या केबली सहज मिळाल्या.

ज्यांच्याकडे एकूण पाच-सहाच साटा डिस्का आहेत त्यांनी सॅस कार्डाच्या मागे लागावेच असे नाही. एएसएम ११६६ ही सहा पोर्टची आणि जेएमबी ५८५ ही पाच पोर्टची चिप. दोन्ही तिसऱ्या पिढीच्या दोन लेनवर चालतात आणि सॅस कार्डाच्या मानाने फारच कमी वीज घेतात. मात्र आठ, दहा किंवा अधिक पोर्ट दाखवणारी स्वस्त साटा कार्डे टाळावीत. त्यांतल्या अनेकांवर एका खऱ्या पोर्टला पोर्ट मल्टिप्लायर लावून पोर्टांची संख्या वाढवलेली असते. अशा जोडणीत एक डिस्क अडली की तिच्यासोबतच्या बाकीच्याही अडतात, आणि एकाच संचातल्या चार डिस्का एकदम गायब होणे यासारखी वाईट गोष्ट नाही. कार्डाच्या छायाचित्रात मुख्य चिपखेरीज आणखी लहान चिपा पोर्टांजवळ दिसल्या तर विक्रेत्याला त्यांचे क्रमांक विचारावेत. मी सॅस घेतले ते पुढे वापरलेल्या सॅस डिस्का घेता याव्यात म्हणून. सॅस कार्डाला साटा डिस्क चालते, पण साटा कार्डाला सॅस डिस्क चालत नाही.

कार्ड मी मुंबईला लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून, सर्व्हरमधून काढलेले, साडेतीन हजार रुपयांना घेतले. या कार्डांच्या नकला बाजारात आहेत, त्यामुळे हातात घेऊन पाहता येणे मोलाचे ठरले. मी मागच्या बाजूच्या चिकटपट्टीवरचा सॅस पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक, पाहिला. एलएसआयच्या कार्डांवर तो साधारणपणे ५००६०५बी या अंकांनी सुरू होतो. कार्डाला मागची पट्टी पूर्ण उंचीची आहे की बुटकी, हेही तिथेच पाहावे. माझ्या कार्डाला बुटकी होती आणि दुकानदारांनी शोधून दुसरी दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

९२०७-८आय मुळातच आयटी फर्मवेअरसह निघालेले कार्ड आहे, त्यामुळे एम१०१५ किंवा एच३१० यांच्यासारखी त्याची कूळबदलाची, म्हणजे मूळ फर्मवेअर पुसून आयटीचे चढवण्याची, खटपट करावी लागत नाही. तरीही आवृत्ती तपासून घ्यावी. वीस क्रमांकाच्या मालिकेतील सुरुवातीच्या आवृत्त्यांबद्दल तक्रारी होत्या, २०.००.०७.०० ही आवृत्ती स्थिर मानली जाते आणि मी तीच चढवली. नव्या मदरबोर्डांवर डॉसमधून हे काम करू गेल्यास साधन सुरूच होत नाही, म्हणून मदरबोर्डच्या यूईएफआय शेलमधून (ऑपरेटिंग सिस्टिमआधी उघडणाऱ्या आज्ञांच्या पडद्यावरून) करावे. जुने फर्मवेअर पुसण्यापूर्वी चिकटपट्टीवरचा सॅस पत्ता कागदावर उतरवून घ्यावा, कारण पुसताना तोही जाऊ शकतो. पुसणे आणि नवे चढवणे यांच्या मध्ये वीज गेली तर कार्ड निकामी होण्याची भीती असते. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, तेव्हा मी वार पाहून आणि संगणक यूपीएसवर ठेवूनच हे काम केले. बूट रॉम मी मुद्दाम चढवला नाही. या कार्डावरून ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करायची नसेल तर त्याची गरज नाही, आणि सर्व्हर सुरू होण्याचा बराच वेळ वाचतो.

आता उष्णतेविषयी, कारण या कार्डाची खरी परीक्षा तिथेच होते. ही कार्डे सर्व्हरच्या पेटीसाठी बनवलेली आहेत, जिथे पंखे समोरून मागे सतत जोराचा झोत सोडतात. मिनिटाला सुमारे दोनशे फूट वेगाची हवा हीटसिंकवरून जाईल असे गृहीत धरलेले असते. माझ्या शांत घरगुती पेटीत स्लॉटांच्या बाजूला हवा जवळजवळ हलतच नव्हती, आणि मी तिकडे लक्ष दिले नव्हते. पहिल्याच मे महिन्यात, रात्रीची पडताळणी चालू असताना, दोन डिस्कांवर एकाच तासात चुका नोंदल्या गेल्या आणि त्या दोघींच्या स्मार्ट माहितीतला १९९ क्रमांकाचा आकडा, म्हणजे केबलीवरून जाताना बिघडलेल्या मजकुराची मोजणी, वाढलेला दिसला. दोन्ही डिस्का एकाच केबलीवरच्या असत्या तर मी केबल बदलून मोकळा झालो असतो. पण त्या वेगवेगळ्या केबलींवर, कार्डाच्या वेगवेगळ्या जोडणीवर होत्या. मग पेटी उघडून हीटसिंकला बोट लावले, तर एक क्षणही टेकवून ठेवता येईना.

कार्ड काढून हीटसिंकच्या दोन स्प्रिंगच्या खुंट्या मागून चिमट्याने दाबल्या आणि तो उचलला. खालची थर्मल पेस्ट वाळून तिचा खपल्यांसारखा पापुद्रा झाला होता. ती स्पिरिटने पुसून नवी लावली आणि चाळीस मिलिमीटरचा एक पंखा हीटसिंकच्या पात्यांवर दोन केबल-टायने बांधला. पंखा कमी वेगाने फिरतो, आवाज खोलीत ऐकू येत नाही, आणि हीटसिंकवर आता बोट आरामात ठेवता येते. त्यानंतर दुसरा उन्हाळाही गेला. १९९ चा आकडा जिथे होता तिथेच थांबला आहे. वापरलेले कार्ड घेणाऱ्या प्रत्येकाने पेस्ट बदलणे आणि पंखा बसवणे हे खरेदीचाच भाग धरावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ९३००-१६आयचा विचार करणाऱ्यांनी तर अधिकच, कारण त्यावर दोन चिपा आहेत.

केबलीच्या बाबतीतही एकदा फसण्याची वेळ आली होती. एका बाजूला ८०८७ आणि दुसऱ्या बाजूला साटाची चार टोके, अशा केबली दोन प्रकारच्या असतात. कार्डाकडून डिस्कांकडे जाणारी ती फॉरवर्ड, आणि मदरबोर्डच्या साटा पोर्टांकडून डिस्कांच्या बॅकप्लेनकडे (डिस्का ज्यात खोचतात त्या पाटीकडे) जाणारी ती रिव्हर्स. दिसायला दोन्ही सारख्याच, पण आतल्या तारांची जोडणी वेगळी. रिव्हर्स केबल या कार्डाला लावली तर डिस्का दिसतच नाहीत. मला दुकानात आधी रिव्हर्स केबल दाखवली होती. पाकिटावरचा शब्द वाचला म्हणून पुण्याहून पुन्हा मुंबईला जाणे टळले.

उणिवा सांगायच्या तर पहिली विजेची. कार्ड सुमारे दहा वॅट घेते आणि डिस्का झोपल्या तरी ते झोपत नाही. वर्षाला साधारण ८८ युनिट केवळ त्याच्या नावावर पडतात. दुसरी, एसएसडींना ट्रिम आज्ञा (कोणती जागा रिकामी झाली हे कळवणारी) या पिढीच्या कार्डांतून भरवशाने पोहोचत नाही, म्हणून माझ्या दोन्ही एसएसडी मी मदरबोर्डच्या पोर्टांवर ठेवल्या आहेत. तिसरी बाब वयाची आहे. लिनक्सचा एमपीटी३सॅस हा ड्रायव्हर हे कार्ड आजही चालवतो, पण रेड हॅट या कंपनीने आपल्या लिनक्सच्या आठव्या आवृत्तीत जुन्या सॅस २००८चा आधार काढून टाकला, हे ९२११ घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

गेल्या दिवाळीत मी त्याच चिपचे दुसरे कार्ड राखीव म्हणून आणले आणि मुद्दाम एक चाचणी घेतली. सर्व्हर बंद करून कार्ड बदलले आणि कार्डावरच्या चार डिस्का क्रम न पाहता हाताला येतील त्या टोकांना जोडल्या. सर्व्हर सुरू झाला, संच तिसऱ्या मिनिटाला जसाच्या तसा उभा राहिला. मग कार्ड पूर्णपणे काढून त्याच चार डिस्का मदरबोर्डच्या चार पोर्टांवर लावल्या. उरलेल्या दोन जोडायला जागा नव्हती, तरी दोन डिस्का गेल्या तरी चालेल अशी रचना असल्यामुळे संच उघडला आणि वडिलांचे एक कीर्तन मी त्यावरून शेवटपर्यंत ऐकले.