व्हीलचेअरला जोडायचं मोटरचं चाक: पुण्यात काही महिने वापरल्यावर

घर ते मेट्रो स्टेशन हे दोन-तीन किलोमीटर कुणाच्या मदतीशिवाय कापायचे असतील, तर व्हीलचेअरला पुढून जोडायचं बॅटरीचं युनिट (मोटरचं एक चाक, हँडल आणि बॅटरी) घ्यावं. चढावर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये, आणि बसमध्ये तर ते अडचणच करतं. ब्रँडचं नाव घेत नाही. ३६ व्होल्ट, २५० वॉटची हब मोटर (चाकाच्या मधोमध बसवलेली) आणि साडेबारा इंची चाक असलेल्या युनिट्सचे गुण-दोष बहुतेक सारखेच असतात.

आधी खुर्ची बघा. दवाखान्यात असते तसल्या क्रोमच्या घडीच्या खुर्चीला हे लावू नका. तिचा पाइप पातळ असतो, क्लॅम्पखाली चेपतो आणि फूटरेस्ट मध्ये येतो. पक्क्या फ्रेमची किंवा चांगल्या प्रतीची ॲक्टिव्ह खुर्ची (स्वतः ढकलायची, हलकी) लागते. पाइपचा व्यास कॅलिपरने मोजूनच ब्रॅकेट मागवा. बावीस आणि पंचवीस मिलिमीटर असे दोन आकार जास्त चालतात. बावीसच्या पाइपला पंचवीसचा क्लॅम्प रबराची पट्टी घालून बसवून देणारे भेटतात, त्यांना सरळ नाही म्हणा. खड्ड्यांत ती पट्टी सरकते आणि हँडल एका बाजूला कलतं.

जोडताना खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावा, युनिट गुडघ्यांसमोर आणा, दोन्ही क्लॅम्प अडकवा आणि मगच लिव्हर दाबा. त्याने खुर्चीची पुढची छोटी चाकं जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर उचलली गेली पाहिजेत. त्याहून कमी उचलली तर ती पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात. फार उचलली तर माणूस मागे कलतो, तोल बिघडतो. हाताची पकड कमजोर असेल, तर साधा लिव्हर झेपत नाही, लांब दांड्याचा मागवावा लागतो.

आता चढ. बसलेल्या माणसाचं बरंचसं वजन मागच्या मोठ्या चाकांवर असतं, आणि मोटर असते पुढच्या चाकात. चढ लागला की वजन आणखी मागे सरकतं, पुढचं चाक हलकं होऊन जागच्या जागी फिरतं. जास्त वॉटची मोटर घेतली तर ते आणखी जोरात फिरेल, एवढंच. उपाय म्हणजे पुढे वाकून बसणं, जड पिशवी पाठीमागे न अडकवता हँडलच्या खांबाला अडकवणं, आणि थ्रॉटल (वेग वाढवायची मूठ) हळूहळू देत दुसऱ्या हाताने मोठ्या चाकाची रिम ढकलणं. बॅटरी पुढच्या चाकाच्या वर बसणारं मॉडेल मिळालं तर तेच घ्या. तळजाईचा किंवा चांदणी चौकाकडचा चढ रोजच्या वाटेवर असेल, तर हे यंत्र तुमच्यासाठी नाही. ओला झेब्रा पट्टा, चेंबरचं लोखंडी झाकण, अंधांसाठीच्या ओल्या पिवळ्या टाइल्स, यांवरही चाक असंच घसरतं, अगदी सपाटीवरसुद्धा.

उतारावर उलटी काळजी. ब्रेक फक्त पुढच्या चाकाला असतो. तो एकदम दाबला की चाक लॉक होऊन आडवं जातं. वेग उतार लागण्याआधीच कमी करा. खुर्चीचे ब्रेक थांबलेली खुर्ची जागेवर धरून ठेवण्यासाठी असतात, धावत्या खुर्चीला लावू नका. वळताना चालण्याइतकाच वेग ठेवा. तीन चाकांची गाडी आहे, कलंडते. गतिरोधक तिरका घेऊ नका, मागची दोन्ही चाकं एकदम चढली पाहिजेत. आणि मागची अँटी-टिप चाकं (खुर्ची मागे उलटू नये म्हणून असलेली) आपटतात म्हणून काढून टाकू नका.

३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ३६० वॉट-तास. त्यातले ऐंशी टक्केच वापरायचे आणि किलोमीटरला पंधरा वॉट-तास धरायचे, तर एकोणीस किलोमीटर होतात. जाहिरातीत पंचवीस लिहितात. गर्दी, सिग्नल आणि फ्लायओव्हर धरून सोळाचाच हिशेब ठेवा.

मेट्रोत मात्र हे यंत्र वसूल होतं. २०२४ च्या सप्टेंबरात भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत सुरू झाल्यापासून पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी अशा दोन्ही दिशा हाताशी आल्या आहेत. नुसत्या खुर्चीची छोटी चाकं फलाट आणि डब्यामधल्या फटीत अडकायची भीती असते, म्हणून आत उलटं शिरावं लागतं. युनिट लावलेलं असलं की मोठं चाक फट सहज ओलांडतं. पण जोडलेली लांबी दीड मीटरच्या पुढे जाते, त्यामुळे लिफ्टमध्ये वळता येत नाही. सरळ आत जायचं, पाठीमागे बघत माघारी बाहेर. डब्यात शिरल्यावर चावी बंद, दोन्ही ब्रेक लावलेले. थ्रॉटलला कुणाची तरी पिशवी लागतेच. जिल्हा न्यायालय स्टेशनवर उन्नत मार्गावरून भुयारी मार्गावर जायचं असेल, तर लिफ्टसाठी दहा मिनिटं जास्त धरा.

बसचं गणित वेगळं. लो-फ्लोअर बसचा तळ रस्त्यापासून साधारण चाळीस सेंटिमीटरवर, आणि दारातला घडीचा रॅम्प जेमतेम मीटरभर. बस पंधरा सेंटिमीटरच्या फुटपाथला खेटून थांबली तर एकास चार चढ, रस्त्यात थांबली तर एकास अडीच. इमारतींसाठीचा निकष आहे एकास बारा. एकास चारलाच पुढचं चाक फिरतं, त्यामुळे युनिट काढून, मागून कुणीतरी धरूनच चढावं लागतं. रिक्षात घडीची खुर्ची आणि युनिट दोन्ही बसतं, पण बारा-पंधरा किलोचं ते धूड उचलायला माणूस लागतो.

देखभालीत दोन गोष्टी चुकवू नका. क्लॅम्पचे बोल्ट थरथरीने सैल होतात. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) घाला, बोहरी आळीत मिळतात, आणि नट-बोल्टवर रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटली म्हणजे नट फिरला. दुसरी गोष्ट हब मोटरच्या आसाची. त्याचे नट सैल झाले तर आस स्वतःच फिरतो आणि मोटरची वायर पिळवटून तुटते. टॉर्क आर्म (आस फिरू न देणारी लोखंडी पट्टी) बसवलेला नसेल तर आधी तो बसवून घ्या. पंक्चर काढताना हीच वायर आडवी येते, म्हणून ट्यूबमध्ये सीलंट (भोक आतूनच बुजवणारा द्रव) आधीच भरून ठेवा. साडेबारा इंची ट्यूब लहान मुलांच्या सायकलीच्या दुकानात मिळते.

पावसाळ्यात शिंतोडे चालतात, साचलेलं पाणी नाही. थ्रॉटलमध्ये पाणी शिरलं की हात न लावता गाडी पळू शकते, म्हणून ब्रेक दाबताच मोटरची वीज तोडणारा स्विच चालतो का, हे रोज निघताना बघा. भिजलेली बॅटरी पुसून, वाळवून मगच चार्जिंगला लावा. दोन अँपिअरच्या चार्जरने पाच-सहा तास लागतात.

डेमो शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर घेऊ नका. फ्लायओव्हरच्या सुरुवातीचा चढ, एक गतिरोधक आणि फुटपाथचा एक उतार, एवढं तुमच्याच खुर्चीवर, रोजची पिशवी घेऊन करून बघा. जाता जाता फुटपाथवरच्या खांबांमधलं अंतरही मोजा. पासष्ट सेंटिमीटरची खुर्ची सत्तरच्या फटीतून कागदावर जाते, रिमवर हात ठेवून जात नाही.